मिनिटाला ३४

अमळनेर तालुक्यात मे महिन्यात कोणाला चक्कर आली तर तिचे कारण शोधत कोणी बसत नाही. पारा ४४ अंशांवर चढलेला असतो, शेतातली काळी माती तडकलेली असते आणि 'ऊन लागनं' या दोन शब्दांत निदान उरकते. दोन वर्षांपूर्वी याच दोन शब्दांवर मीही महिनाभर काढला. सकाळी विहिरीवर मोटार सुरू करायला गेलो की स्टार्टरचे हिरवे बटण दाबता दाबता डोळ्यांपुढे अंधारी यायची, दोन-तीन सेकंदांत ती ओसरायची, आणि मी घरी येऊन कैरीचे पन्हे पिऊन खाटेवर पडायचो. गच्चीचा जिना चढताना दम लागायचा आणि दुपारी जेवणानंतर अंगात काही त्राणच उरत नसे. पण वयाच्या ६७ व्या वर्षी हे चालायचेच, असे मीच सगळ्यांना सांगत होतो.

बायकोने फारच लावून धरले तेव्हा एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी रक्तदाब घेतला, वरचा आकडा १७० आला, आणि त्यांनी रोजची एक गोळी लिहून दिली. गोळी सुरू झाली आणि आठवडाभरात अंधारी येण्याचे प्रमाण वाढले. पुढे जळगावला कळले ते असे की, हृदय फार सावकाश चालू लागले म्हणजे दोन ठोक्यांमधला वेळ वाढतो, त्या वेळात त्यात जास्त रक्त भरते, प्रत्येक ठोक्याला ते जास्त रक्त ढकलते आणि त्यामुळे वरचा रक्तदाब चढलेला दिसू शकतो. मला दिलेली गोळी मेटोप्रोलॉलची, म्हणजे बीटा ब्लॉकर गटातली होती, आणि ती रक्तदाबाबरोबर हृदयाची गतीही उतरवते. आधीच रखडत चाललेल्या बैलाचा कासरा मागे ओढावा तसा हा प्रकार झाला. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही असे मी म्हणणार नाही, कारण मनगटावर तीन बोटे ठेवून मिनिटभर नाडी मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही, आणि ती त्यांनी मोजली नव्हती.

ती मोजली माझ्या सुनेने. ती आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे आणि मी विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे आमच्या घरात 'उपकेंद्रात असं करत नाहीत' हे वाक्य आले की ते कोणत्या उपकेंद्राबद्दल आहे हे आधी विचारावे लागते. त्या दुपारी मी कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन पाटावरून उठलो आणि तिथेच कोसळलो. पडल्याचे मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा सून शेजारी बसलेली होती, तिची बोटे माझ्या मनगटावर होती आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर होती. दारात जमलेल्यांपैकी कोणीतरी "आप्पाले ऊन लागनं" म्हणून कांदा फोडायलाही घेतला होता. सेकंदकाटा पुरा एक फेरा फिरून आला तरी ती काही बोलेना. तिने बोटे जराशी सरकवली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"आप्पा, ३४ येताहेत," ती म्हणाली.

मुलगा म्हणाला, "घाबरून चुकली असशील."

"दोनदा मोजले. गाडी काढा."

ग्रामीण रुग्णालयात ईसीजी निघाला. कागदाची ती पट्टी मी आजही फाइलीत जपून ठेवली आहे, कारण ती वाचायला मला तिथल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने पाच मिनिटांत शिकवले. निरोगी माणसाच्या पट्टीवर आधी एक लहान उंचवटा दिसतो, तो हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा, आणि त्यापाठोपाठ ठरावीक अंतराने एक उंच सुळका येतो, तो खालच्या कप्प्यांचा. माझ्या पट्टीवर उंचवटे मिनिटाला ८० च्या आसपास नियमित येत होते आणि सुळके मिनिटाला ३४. दोन्ही आपापल्या जागी बिनचूक नियमित होते, पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंधच उरलेला नव्हता. कुठे उंचवटा सुळक्याच्या आधी होता, कुठे त्याच्या पोटात दडलेला होता, कुठे बराच मागे राहिला होता. मी आयुष्यभर लॉगशीटवर दर तासाला फीडरचे, म्हणजे वीजवाहिन्यांचे, आकडे लिहिलेले असल्यामुळे मला हे चटकन उमगले. वरून सप्लाय येत होता, तो खाली पोचत नव्हता, आणि खालचे गाव कुठल्यातरी अडगळीतल्या जनरेटरवर कसेबसे चालले होते.

प्रत्यक्षात घडते तेही याहून फार वेगळे नसते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत, वरची महाशीर जिथे येऊन मिळते त्याच्या जवळ, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, त्याला सायनस नोड म्हणतात. तो आपल्याआपण, बाहेरच्या कोणत्याही आज्ञेवाचून, विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेची सूक्ष्म लहर उठवतो. ती लहर वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते, मग दोन मजल्यांच्या मध्ये असलेल्या एव्ही नोडपाशी सेकंदाचा साधारण दहावा हिस्सा थांबते, जेणेकरून वरच्या कप्प्यांतले रक्त खाली उतरायला अवधी मिळावा, आणि तिथून हिसचे जुडगे म्हणतात त्या तंतूंतून, त्यांच्या डाव्या-उजव्या फांद्यांतून खालच्या कप्प्यांच्या स्नायूंत पोचते. या मार्गावर वयोमानाने तंतुमय ऊतक साचून तो निकामी होऊ शकतो. हृदयविकाराचा झटका, झडपांची शस्त्रक्रिया, काही औषधे आणि काही वेळा जन्मजात दोष यांमुळेही तसे होते. मार्ग पुरता तुटला तर खालच्या कप्प्यांतल्या काही पेशी स्वतःहून लहरी उठवू लागतात, पण त्यांची धाव मिनिटाला ३०-४० पर्यंतच असते आणि त्या कधी दम सोडतील याचा भरवसा नसतो. त्यांनी काही सेकंद जरी विश्रांती घेतली तरी मेंदूला रक्त पोचत नाही आणि माणूस उभ्याचा आडवा होतो. पाटावरून मी पडलो तो असा.

जळगावच्या रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञांनी पट्टी पाहिली आणि मुलाला सांगितले, "कम्प्लीट हार्ट ब्लॉक आहे." इथून पुढचे दोन तास या एका शब्दाने जो घोळ घातला तो मी विसरणार नाही. आपल्याकडे 'ब्लॉक' म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसलेला चरबीचा बोळा, आणि तो टक्केवारीत सांगायचा असतो: अमक्याला ७० टक्के निघाला, तमक्याला ९० टक्के निघाला. मुलाने 'कम्प्लीट' ऐकले आणि त्याचे १०० टक्के केले. त्याने तसाच फोन सुरतेला मामाला केला, मामाने रात्रीच्या गाडीने सुरतेला आणून बायपास करून घ्या म्हणून सांगितले, धुळ्याच्या आत्याने लसूण आणि लिंबाच्या रसाचा काढा सांगितला, आणि बायको व्हरांड्यात पदर तोंडाशी धरून बसली. शेवटी सुनेने सगळ्यांना एका जागी उभे करून सांगितले की, घरातले पाण्याचे नळ तुंबणे वेगळे आणि घरातली वायर तुटणे वेगळे. आप्पांची वायर तुटली आहे. नळ तुंबले तर फुगा घालून स्टेंट बसवतात किंवा बायपास करतात, वायर तुटली तर पेसमेकर, म्हणजे हृदयाला विजेचे ठोके देणारे यंत्र, बसवतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. पेसमेकर रक्तवाहिनीतला अडथळा काढत नाही आणि हृदयविकाराचा झटका टाळतही नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आजही मला भेटायला येणारे दहापैकी आठ लोक 'आता किती टक्के राहिला?' असेच विचारतात.

मला वाटले होते की आता लगेच यंत्र बसवतील. तसे झाले नाही, आणि न झाले तेच योग्य होते. माझ्या पोटात ती हृदयाची गती उतरवणारी गोळी होती. तिच्यामुळेच हा ब्लॉक झाला असेल तर गोळी बंद करून तो आपोआप सुटला असता आणि जन्मभराचे यंत्र विनाकारण छातीत बसले असते. म्हणून गोळी बंद झाली, रक्तातले पोटॅशियम आणि थायरॉइड तपासले गेले, आणि तोवरच्या सोयीसाठी तात्पुरता पेसमेकर लावला गेला. उजव्या जांघेतल्या शिरेतून एक बारीक तार हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यापर्यंत सरकवली, तिचे दुसरे टोक पलंगाला टांगलेल्या एका डबीला जोडले. डबीवर मुख्यतः तीन गुंड्या होत्या: गती, प्रवाह आणि संवेदन. डॉक्टरांनी गती ७० वर ठेवली आणि प्रवाह हळूहळू कमी करत नेला, तो एका टप्प्यावर मॉनिटरवर डबीने दिलेल्या विजेच्या ठिणगीची रेघ दिसे पण तिच्यामागे ठोका येईना. त्या टप्प्याला थ्रेशोल्ड म्हणतात. तिथून प्रवाह साधारण तिप्पट वाढवून त्यांनी गुंडी सोडली. पाचेक मिनिटांनी माझ्या लक्षात आले की कितीतरी आठवड्यांनी माझ्या पायांची बोटे कोमट लागत आहेत.

पाय सरळ ठेवून तीन रात्री काढल्या. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी डबीची गती उतरवून पाहिले, तर खालचा माझा स्वतःचा ठोका तसाच तिशीत अडकलेला होता. गोळीचा अंमल संपला होता, रक्ताचे अहवाल नीट होते, तरी मार्ग सुटला नव्हता. मग कायमच्या पेसमेकरचे ठरले.

नाडी मंद आहे एवढ्यावरून कोणाला पेसमेकर बसवत नाहीत, हे मला त्या दिवसांत शेजारच्या रुग्णांमुळे कळले. रोज दहा-बारा किलोमीटर धावणाऱ्या तरुणाची नाडी ५० च्या खाली असू शकते, झोपेत अनेकांची चाळिशीत जाते, आणि त्यांना काही त्रास नसेल तर यंत्राचे काही काम नसते. सायनस नोडच थकून मध्येच काही सेकंद गप्प बसत असेल आणि त्यामुळे माणूस पडत असेल, तर यंत्र लागते. लहर खाली पोचता पोचता पूर्वसूचना न देता अचानक एखादा ठोका गळत असेल, तर तो प्रकार पुढे पूर्ण ब्लॉककडे झुकणारा म्हणून यंत्र लागते. माझ्यासारखा पूर्ण ब्लॉक असेल आणि त्याला सुधारण्याजोगे कारण नसेल, तर लागतेच. माझ्या शेजारच्या पलंगावरच्या गृहस्थांची अंधारी अधूनमधूनच येत होती आणि साध्या ईसीजीत काही सापडत नव्हते, म्हणून त्यांच्या छातीला २४ तास नोंद घेणारा होल्टर बांधून ठेवला होता.

सिंगल चेंबर की ड्युअल चेंबर, हा प्रश्न आला तेव्हा मुलाने माझ्याकडे पाहिले. एका तारेचे यंत्र स्वस्त पडते आणि खालच्या कप्प्याला ठोके देण्याचे काम ते चोख करते. पण वरचा कप्पा काय करतो आहे हे त्याला कळत नाही. ज्यांचा वरचा कप्पा कायमचा फडफडत असतो त्यांना दुसऱ्या तारेचा उपयोगही नसतो. माझा वरचा कप्पा मात्र ठणठणीत होता, तो मिनिटाला ८० लहरी देत होता, आणि दोन तारांचे यंत्र त्या लहरी ऐकून, योग्य तेवढे थांबून, खाली ठोका देऊ शकणार होते. म्हणजे मी चालू लागलो आणि वरची गती वाढली की खालचीही तेवढीच वाढणार. एका तारेच्या यंत्रात वरचे आणि खालचे कप्पे एकाच वेळी आवळले गेले तर रक्त मागे हटते आणि काहींना चक्कर, मानेत धडधड असा वेगळाच त्रास सुरू होतो. आम्ही ड्युअल घेतला, आणि यंत्र व तारा दोन्ही एमआरआयला चालणारे आहेत हे लेखी विचारून घेतले; नुसते यंत्र चालणारे असून भागत नाही.

शस्त्रक्रिया म्हणण्यासारखे त्यात फार काही नव्हते. कॅथलॅब, म्हणजे क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत हृदयाचे काम करतात ती खोली, मात्र हाडे गोठवणारी थंड होती आणि खानदेशी माणसाला मे महिन्यात थंडीने कुडकुडण्याची सवय नसते. आधी शिरेतून प्रतिजैविक दिले, मी उजवखोरा असल्यामुळे डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली भूल दिली, तोंडावर हिरवे कापड टाकले. पुढचा सव्वा तास मी पूर्ण शुद्धीत होतो. दुखले नाही, पण कोणीतरी मुठीने दाबते आहे असे जाणवत राहिले. ते त्वचेखाली यंत्रासाठी खिसा करण्याचे काम होते. शिरेतून दोन तारा क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत आत सरकवल्या. प्रत्येकीच्या टोकाला एक अगदी बारीक मळसूत्र असते, ते फिरवून टोक हृदयाच्या आतल्या भिंतीत रुतवतात. टोकाशीच थोडे स्टेरॉइड भरलेले असते, ते हळूहळू झिरपून तिथली सूज कमी ठेवते.

मग कापडापलीकडून तंत्रज्ञाचा आवाज आला, "आर वेव्ह ९ मिलिव्होल्ट, इम्पिडन्स ६८० ओहम, थ्रेशोल्ड ०.६ व्होल्ट." त्या खोलीत मला पूर्ण कळलेले ते पहिले वाक्य होते. आर वेव्ह म्हणजे पट्टीवरचा तोच उंच सुळका, तारेला तो केवढा ऐकू येतो ते; इम्पिडन्स म्हणजे तारेच्या वाटेतला रोध. ओहमचा आकडा फार चढला तर तार तुटलेली किंवा जोड सैल, फार पडला तर आवरण फाटलेले. हे मी आयुष्यभर करत आलो होतो, फक्त तार माझ्या हृदयात गेलेली नव्हती. डॉक्टरांनी जोरात खोकायला लावले, खोल श्वास घ्यायला लावला, आणि क्षणभर प्रवाह मुद्दाम चढवून पोट उडते का हे पाहिले, कारण तसे झाले तर ठिणगी श्वासपटलापर्यंत पोचते आहे असे समजतात. नाही उडाले. यंत्र जोडून खिशात ठेवले आणि टाके घातले.

बसवण्यापूर्वी ते यंत्र मला हातात धरू दिले नाही, पण तसाच एक नमुना नंतर तपासणीच्या खोलीत पाहिला. टायटॅनियमची गुळगुळीत चपटी डबी, वजन दहा रुपयांच्या तीन नाण्यांएवढे. आत लिथियम-आयोडीनची बॅटरी आणि सर्किट. ती जी ठिणगी देते ती दोन-तीन व्होल्टची आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकणारी असते. सारखी ठिणगी देत राहणे हे तिचे काम नव्हे. ती आधी ऐकते, हृदयाचा स्वतःचा ठोका वेळेत आला तर गप्प बसते, नाही आला तरच देते. माणसाच्या शरीरात पूर्ण बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या रुग्णाला शल्यचिकित्सक ऑके सेनिंग यांनी बसवला. तो रुने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बूटपॉलिशच्या डबीचा साचा वापरून ओतला होता आणि काही तासच चालला. लार्सन मात्र पुढे यंत्रे बदलत बदलत २००१ पर्यंत जगले. मला जास्त आवडतो तो अमेरिकेच्या विल्सन ग्रेटबॅचचा किस्सा. हृदयाचे आवाज टिपण्याचे सर्किट बनवताना त्याने चुकून भलत्याच ओहमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला रोध करणारा भाग, जोडला, आणि सर्किट टिपण्याऐवजी स्वतःच दर सेकंदाला ठोके देऊ लागले. त्याने ते फेकून न देता ऐकत बसणे पसंत केले. १९६० मध्ये त्याचे यंत्र रुग्णांना बसू लागले. चुकीचा रेझिस्टर जोडल्याबद्दल मी किती शिकाऊ पोरांना झापले आहे, ते आठवून ओशाळायला झाले.

दुसऱ्या दिवशी फुप्फुसाला धक्का लागलेला नाही आणि तारा जागेवर आहेत, हे क्ष-किरणाने पाहून घेतले आणि त्यानंतर दोन दिवसांनी घरी सोडले. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचे नाही, पण हात गळ्यात बांधून अवघडूही द्यायचा नाही. ही शेवटची सूचना मी नीट ऐकली नाही आणि भीतीपोटी हात पोटाशी धरून बसलो, त्यामुळे खांदा आखडला आणि तो सुटायला यंत्राच्या जखमेपेक्षा जास्त दिवस लागले.

घरी आल्यावर नियम लागले. मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही, यंत्रापासून सहा इंच तरी लांब धरायचा आणि उजव्या कानाला लावायचा. चालू इंडक्शन शेगडीपासून आणि वेल्डिंगपासून दोन फूट दूर राहायचे. मॉल किंवा देवळातल्या धातुशोधक चौकटीतून सरळ चालत निघून जायचे, तिथे रेंगाळायचे नाही. जुना स्पीकर उचलून छातीशी धरायचा नाही, कारण चुंबक जवळ आले की यंत्र ऐकणे सोडून एका ठरावीक गतीने ठोके देत सुटते. मिक्सर, टीव्ही, विहिरीवरचा स्टार्टर यांनी काही होत नाही. जुन्या सहकाऱ्यांनी सबस्टेशनवर चहाला बोलावले, तेव्हा मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने मी यार्डात न शिरता फाटकाबाहेरच चहा घेतला.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. छातीवर माउससारखे एक यंत्र ठेवतात आणि आतल्या डबीतली सगळी नोंद पडद्यावर येते. नव्या तारेचा थ्रेशोल्ड पहिल्या काही आठवड्यांत चढतो आणि मग स्थिरावतो, म्हणून सुरुवातीला ठिणगी मोठी ठेवलेली असते. ती आता कमी केली आणि बॅटरीचे आयुष्य पडद्यावर ९ वर्षे दिसू लागले. ती संपत आली की तारा तशाच ठेवून फक्त डबी बदलतात. खालच्या कप्प्याचे ९९ टक्के ठोके यंत्राचे आहेत. इतके पेसिंग वर्षानुवर्षे चालले तर काहींच्या हृदयाची ताकद कमी होऊ शकते, म्हणून वर्षातून एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा असतो.

गावात एक समज असा आहे की पेसमेकर असलेल्या माणसाचा जीव सहज जात नाही. तसे काही नसते; स्नायूच थकला की ठिणगी पडत राहते आणि तिला उत्तर मिळत नाही. मात्र चितेवर ही बॅटरी तापून फुटते, त्यामुळे आधी ती काढून घ्यावी लागते. हे मी मुलाला सांगायला गेलो तर तो उठूनच गेला. सुनेने काही न बोलता माझ्या पाकिटातले पेसमेकरचे कार्ड काढले आणि त्याच्या मागच्या बाजूला पेनाने एक ओळ लिहून ते पुन्हा आत ठेवले.

यंदाच्या मे महिन्यात शेजारचा जुना मित्र ओट्यावर येऊन टेकला आणि डोळे मिटून म्हणाला, "चक्कर उनी रे भाऊ." मी त्याचे मनगट धरले आणि घड्याळाकडे पाहत मिनिटभर मोजले. ७६ भरली. त्याला बहुधा ऊनच लागले होते. तरी पन्हे पाजून दुसऱ्या दिवशी ईसीजी काढायला पाठवले, कारण माझी नाडीदेखील सुरुवातीला रोज सगळा वेळ ३४ नसावी.